‘चौसष्टच्या आधीची’ की नंतरची? लीव्हर-ॲक्शन रायफलींची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात लीव्हर-ॲक्शन रायफल विकायला आली की बॅरल, लाकूड आणि किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो: ‘चौसष्टच्या आधीची, की नंतरची?’ हे चौसष्ट म्हणजे १९६४ साल. त्या वर्षापासून विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ‘मॉडेल ९४’ या रायफलीची बांधणी बदलली, आणि त्या बदलांवरचा वाद साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही. गेल्या काही वर्षांत या प्रकारच्या रायफलींना पुन्हा मागणी आली आहे. बंद पडण्याच्या वाटेवर असलेल्या मार्लिन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या रायफली २०२१ च्या अखेरीस नव्या मालकाच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. रिव्हॉल्व्हरसाठी जगभर माहीत असलेल्या एका कंपनीने २०२४ च्या जानेवारीत ‘मॉडेल १८५४’ नावाची लीव्हर रायफल बाजारात आणली. त्यामुळे हा जुना प्रश्न नव्या गिऱ्हाइकांच्याही कानावर पडू लागला आहे. त्याचे उत्तर कळायचे तर मुळात या रायफलीत लोकांना काय आवडले आणि १९६४ मध्ये त्यातले नेमके काय गेले, हे पाहावे लागते.

सुरुवातीला नावांचा एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे. चापाखालचा लीव्हर खाली ओढून पुन्हा वर घेण्याची कृती दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या रायफलींत असते. एका प्रकारात लीव्हरने फक्त मागचा ठोकळा खाली सरकतो आणि काडतूस दर वेळी हाताने घालावे लागते. दुसऱ्या प्रकारात बॅरलखालच्या नळीत रांगेने ठेवलेली काडतुसे लीव्हरच्या एकेका हालचालीबरोबर आपोआप पुढे येतात. पहिल्या प्रकारातली मार्टिनी-हेन्री ही १८७१ पासून ब्रिटिश फौजेची रायफल होती. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण होते, त्यामुळे हिंदी शिपायांकडे ती उशिराच पोचली. आपल्याकडच्या लष्करी इतिहासाच्या वाचकांना ‘हेन्री’ हे नाव बहुधा तिथून माहीत असते, पण तो हेन्री एडिंबरोचा बंदूक-कारागीर होता आणि त्याचा वाटा बॅरलच्या आतल्या आट्यांपुरता होता. १८६० ची अमेरिकन हेन्री रायफल न्यू हेवन येथील कारखान्याच्या दुसऱ्याच एका हेन्रीची. आज त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या अमेरिकन रायफली १९९० च्या दशकात सुरू झालेल्या कंपनीच्या असून त्या हेन्रीशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. या लेखात लीव्हर-ॲक्शन म्हणजे नळीतून किंवा मॅगझिनमधून काडतुसे स्वतः घेणारी रायफल, एवढाच अर्थ घेतला आहे. ‘तरफ’ हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या विज्ञानाच्या धड्यात बरा वाटतो, पण बंदूक हाताळणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘लीव्हर’च असतो.

१८४० आणि १८५० च्या दशकांतल्या फसलेल्या प्रयत्नांना इथे फार जागा देण्याचे कारण नाही. त्या काळच्या एका प्रयोगात दारू गोळीच्याच पोकळ बुडात भरलेली असे. त्यामुळे दारूचे प्रमाण इतके कमी राही की त्या गोळीचा फारसा धाक नव्हता. धातूच्या टोपणाचे, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याचे, काडतूस आले तेव्हा यंत्रणेला अर्थ आला. ऑक्टोबर १८६० मध्ये पेटंट मिळालेल्या हेन्री रायफलीच्या नळीत १६ काडतुसे मावत. त्याच वर्षी पेटंट मिळालेल्या स्पेन्सरच्या दस्त्यात ७ काडतुसांची नळी होती, मात्र तिचा घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडीसारखा भाग) दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे.

लगेच अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, आणि उत्तरेच्या सैन्याच्या आयुध विभागप्रमुखाने १८६१ च्या डिसेंबरमध्ये या दोन्ही रायफलींविषयी प्रतिकूल अभिप्राय दिला. भरलेली रायफल जड होते, तिला वेगळे काडतूस लागते, किंमत जास्त आहे, स्प्रिंग टिकेल याची खात्री नाही, अशी त्याची कारणे होती. लोकप्रिय इतिहासात हा माणूस हटवादी म्हाताऱ्याच्या भूमिकेत उभा केला जातो. १८६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतः स्पेन्सर चालवून पाहिली आणि पुढच्याच महिन्यात हा विभागप्रमुख पदावरून गेला, या योगायोगाने त्या चित्राला आणखी रंग चढतो. परंतु लाखो सैनिकांना एकाच मापाची गोळी पुरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याच्या बाजूने पाहिले तर ही कारणे हट्टाची नाहीत, हिशेबाची आहेत. हेन्रीची गोळी तोंडाकडून भरायच्या मस्केटच्या गोळीच्या निम्म्याहूनही हलकी होती आणि तिच्यामागची दारूही निम्म्याहून कमी होती. किंमत मात्र सुमारे दुप्पट होती. सरकारने अखेर १,७३१ हेन्री रायफली घेतल्या, तर स्पेन्सर एक लाखाच्या घरात घेतल्या गेल्या. हेन्री हाती घेतलेल्या बऱ्याच सैनिकांनी ती स्वतःच्या पगारातून विकत घेतली होती. सरकारी हिशेबात न बसलेली वस्तू माणसे पदरचे पैसे खर्चून घेतात, हे या रायफलीच्या बाबतीत पुढेही वारंवार दिसते.

हेन्रीचे खरे दोष वेगळे होते. नळीच्या खालच्या बाजूला लांबच लांब फट होती, तिच्यातून धूळ-चिखल आत जाई. काडतुसे पुढे ढकलणारी खुंटी गोळीबार होत जाईल तशी मागे येई आणि डाव्या हाताला आडवी येई. पुढे लाकूड नसल्याने तापलेले बॅरल हाताला चटका देई. हेन्रीचीच वारस असलेल्या १८६६ च्या विंचेस्टर रायफलीत हे तिन्ही दोष दूर झाले. नळी बंद झाली, पुढे लाकडी पकड आली, आणि रिसिव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या धातूच्या पेटीच्या, उजव्या कडेला एक स्प्रिंगची झडप आली, तिच्यातून एकेक काडतूस आत सारता येई. या झडपेकडे नीट लक्ष द्यावे. रायफल खांद्यापासून थोडी खाली घेऊन, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागी) काडतूस तयार ठेवून, उडवलेल्या दोन गोळ्यांच्या जागी दोन काडतुसे तिथल्या तिथे भरता येणे ही सोय त्या झडपेने दिली आणि ती आजही या रायफलीची सर्वांत मोठी व्यावहारिक खूण आहे.

तुर्कस्तानने १८७० च्या सुमारास हजारोंच्या संख्येने या रायफली घेतल्या आणि १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात खंदकांतून रशियन हल्ल्यांवर त्या चालवल्या. लांबच्या माऱ्याला एकेक गोळीची पीबॉडी-मार्टिनी होती आणि जवळच्या माऱ्याला ही विंचेस्टर. रशियनांची तिथे मोठी हानी झाली. तिचे श्रेय विंचेस्टरला किती आणि खंदकांना व मार्टिनीच्या लांब पल्ल्याला किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एवढे खरे की युरोपातल्या सैन्यांनी त्यातून घेतलेला धडा ‘अनेक काडतुसांची रायफल हवी’ हा होता. ‘लीव्हर हवा’ असा तो नव्हता, कारण तोपर्यंत बोल्टची, म्हणजे बाजूची मूठ मागे-पुढे करून भरायची, रायफल पुढे येऊ लागली होती.

१८७३ च्या मॉडेलचा गवगवा सर्वाधिक आहे. ती सात लाखांहून अधिक विकली गेली आणि तिचे .४४-४० हे काडतूस कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चाले, त्यामुळे एकाच पट्ट्यातून दोन्ही हत्यारे भरता येत. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ही ओळ मात्र विसाव्या शतकातल्या जाहिरातीची आहे. यंत्रणेच्या दृष्टीने १८७३ ही हेन्रीचीच नात होती. बोल्टला (काडतुसामागे चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला) मागून आधार देणाऱ्या सांधेदार कड्यांची तीच जोडी तिच्यात होती आणि त्या कड्यांना मोठ्या काडतुसाचा दाब झेपत नसे. १८७६ मध्ये सगळे भाग मोठे करून पाहिले, तरी सैन्याचे .४५-७० काडतूस तिच्यात लांबीमुळे मावेना. हा अडसर युटामधल्या ऑग्डेनच्या एका तरुण कारागिराने दूर केला. त्याने १८८६ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या सरकणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या बसवल्या. लीव्हर वर आला की त्या वर सरकून बोल्टला रिसिव्हरशी जखडून टाकत. आपल्याकडच्या दाराच्या आडण्यासारखीच ही कल्पना होती, फक्त ती उभी होती. त्याच माणसाची १८९२ ही त्याच कल्पनेची लहान आवृत्ती, आणि १८९४, म्हणजेच ‘मॉडेल ९४’, ही या लेखाची खरी नायिका.

१८९४ च्या रायफलीची पहिली काडतुसे काळ्या दारूचीच होती. धूरविरहित दारूचा दाब सोसणारे निकेल-पोलादाचे बॅरल तयार व्हायला १८९५ उजाडले. त्या वर्षी आलेल्या काडतुसाला कंपनीने स्वतःच्या नावावरून नाव दिले होते. पण प्रतिस्पर्धी मार्लिनला आपल्या बॅरलवर दुसऱ्याचे नाव कोरायचे नव्हते, म्हणून त्यांनी बॅरलच्या व्यासाचा ३० आणि दारूच्या ३० ग्रेन वजनाचा ३० एकत्र करून ‘.३०-३०’ असे लिहिले. काळ्या दारूच्या काळातली ही मोजणी धूरविरहित काडतुसाला लावणे खरे तर विसंगत होते, पण तेच नाव रुळले, आणि पुढे मूळ कंपनीलाही तेच वापरावे लागले. आपल्या काडतुसाला प्रतिस्पर्ध्याने दिलेले नाव स्वीकारण्याची पाळी फार थोड्या कारखान्यांवर आली असेल.

या रायफलीच्या गुणांची जी यादी सांगितली जाते ती ऐकताना ती प्रत्यक्ष हातात धरून पाहायला हवी. वीस इंची बॅरलच्या कार्बाइनचे (आखूड रायफलीचे) वजन तीन किलोच्या आसपास असते. तिची एकूण लांबी मीटरपेक्षा कमी भरते. बोल्टची मूठ बाजूला बाहेर आलेली नसते, खाली लोंबणारे मॅगझिन नसते, त्यामुळे दोन्ही कडा सपाट राहतात. रिकाम्या हातात ती रिसिव्हरपाशी धरली की तोल तिथेच सापडतो आणि तासन्‌तास चालताना मनगट भरून येत नाही. घोड्याच्या जिनाला लावलेल्या चामडी म्यानात ती सपाट बसे, हे तर जगजाहीर आहे. पुढे जीपच्या सीटमागे आणि ट्रॅक्टरवरही तिने तीच जागा घेतली. उजव्या-डाव्या हाताचा भेद तिला फारसा नाही. बाहेर दिसणारा घोडा ही आणखी एक सोय आहे, कारण तो खाली आहे, अर्ध्यावर आहे की पूर्ण मागे आहे, हे अंधुक उजेडात अंगठ्यालाही कळते. दुसरी गोळी झाडताना रायफल खांद्यावरून हलवावी लागत नाही. मेन किंवा पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरणावर गोळी झाडण्याची संधी बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आत मिळते, आणि तेवढ्या अंतरावर ९.७ किंवा ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने सोडणारे हे काडतूस पुरेसे ठरते. ‘झुडपातून आरपार जाणारी गोळी’ म्हणून तिची जी ख्याती आहे ती मात्र खरी नाही. फांदीला लागलेली कुठलीही गोळी भरकटते, जड असो वा हलकी.

तिच्या सगळ्या मर्यादा जिथून गुण येतात तिथूनच येतात, म्हणजे बॅरलखालच्या नळीतून. नळीत काडतुसे एकामागे एक असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी पेटण्याचा धोका राहतो, म्हणून चपट्या तोंडाची गोळी वापरावी लागते. चपट्या तोंडाची गोळी हवेत लवकर वेग गमावते. १९०५-०६ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेच्या सैन्यांनी टोकदार गोळी स्वीकारली तेव्हा नळीच्या रायफलीचा लष्करी प्रश्न निकालात निघाला. जमिनीवर पालथे पडून लीव्हर फिरवता येत नाही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्यात तथ्य आहे, पण रायफल थोडी तिरकी केली की अडचण बरीच कमी होते, हे ज्याने केले आहे त्याला माहीत असते. गोळीचे टोक आणि काडतुसे एकदम भरण्याची सोय ही खरी कारणे होती.

ती कारणेही लीव्हरला चिकटलेली नव्हती, नळीला होती. १८९५ च्या विंचेस्टरमध्ये नळी काढून चापापुढे पेटी-मॅगझिन दिले. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या काडतुसाच्या मापात, क्लिपने (काडतुसे एकत्र धरणाऱ्या पट्टीने) भरता येतील अशा, तीन लाखांच्या जवळपास रायफली घेतल्या. १८९९ च्या सॅव्हेजमध्ये फिरते मॅगझिन आणि रिसिव्हरमध्ये झाकलेला घोडा होता. या दोन्ही रायफलींत टोकदार गोळी चाले. यंत्रणेच्या दृष्टीने दोन्ही ९४ पेक्षा पुढच्या होत्या, आणि तरी लोकांनी ९४ च घेतली. याचे कारण बहुधा पोटाखालच्या त्या पेटीत आहे. रायफल जिथे हातात धरायची तिथेच पेटी येते आणि चालताना तोल जातो. भारतातल्या वाचकाला १८९५ चे मॉडेल एका वेगळ्या वाटेने ठाऊक असते. दक्षिण भारतातल्या जंगलांत नरभक्षकांच्या मागावर फिरलेल्या, बेंगळुरूच्या एका शिकारी-लेखकाच्या हातात याच मॉडेलची .४०५ रायफल असे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे लीव्हर रायफलीशी आपली ओळख पुढे पडद्यावरच्या घोडेस्वारांपुरती राहिली.

अमेरिकेत ९४ चा खप वाढतच गेला. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये, पंधरा लाखावी १९४८ मध्ये आणि वीस लाखावी १९५३ मध्ये त्या त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांना भेट देण्यात आली. मधल्या काळात मंदीत कारखाना दिवाळखोरीत जाऊन १९३१ च्या अखेरीस काडतुसे बनवणाऱ्या दुसऱ्या उद्योगाकडे गेला होता, पण रायफलीची बांधणी तीच राहिली. रिसिव्हर घडवलेल्या पोलादाच्या गोळ्यातून मिलिंग मशीनवर कोरून काढायचा, नळीतून आलेले काडतूस वर उचलणारा तुकडा भरीव पोलादाचा घासून बसवायचा, पिना आणि स्क्रू भरीव ठेवायचे. १८९४ च्या कामगाराच्या मजुरीवर आखलेली ही रीत होती आणि १९६० च्या कामगाराच्या मजुरीत ती परवडेना.

१९६३-६४ मध्ये घेतलेला निर्णय असा होता. उचलणारा तुकडा दाबून वाकवलेल्या पत्र्याचा झाला. काही भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिना आल्या. रिसिव्हरसाठी यंत्रावर स्वस्तात निघेल असे वेगळे मिश्रधातू घेतले, त्यावर पूर्वीचे निळे-काळे रसायन चढेना, म्हणून आधी दुसऱ्या धातूचा पातळ थर द्यावा लागला. हे बदल सुमारे २७ लाखांच्या पुढच्या क्रमांकांपासून सुरू झाले असे धरले जाते. त्याच वर्षी त्याच कारखान्याच्या बोल्ट रायफलीतही काटकसर झाली, आणि तिच्याविषयीचा राग लीव्हर रायफलीच्या खात्यातही जमा झाला, हे या वादात बहुतेक वेळा विसरले जाते.

गिऱ्हाइकाला काय जाणवले असेल, ते बंदूक हलवून पाहिली की कळते. जुनी रायफल हलवली तर तिच्यातून जवळजवळ आवाज येत नाही, आणि १९६४ ते सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची हलवली तर आतला पत्रा खुळखुळतो. पोकळ पिन ठोकून काढताना तिचे तोंड चेपते. झिजलेल्या रिसिव्हरला पुन्हा रंग देणाऱ्या कारागिराच्या हाती तो जांभळट होऊन निघतो. आजोबांची रायफल नातवाच्या हाती देताना दुरुस्त करून द्यावी, ही या वस्तूकडे पाहण्याची रीत असलेल्या समाजात हा दोष नेमबाजीच्या दोषापेक्षा मोठा ठरला.

कारखान्याच्या बाजूने जे बोलले जाते तेही खोटे नाही. पत्र्याचा तुकडा काडतूस उचलतो. पोकळ पिन जागची हलत नाही. यंत्रणा कुलूपबंद होण्याचे तत्त्व बदललेले नव्हते, आणि शंभर मीटरवरच्या कागदावर दोन्ही काळांतल्या रायफलींच्या गोळ्यांच्या भोकांचे गट वेगळे ओळखून दाखवणे कुणालाही जड जाईल. सत्तरीच्या दशकात उचलणारा तुकडा पुन्हा भरीव करण्यात आला आणि बहुतेक तक्रारी मिटवल्या गेल्या. पण ‘चौसष्टनंतरची’ हा शिक्का १९७५ च्या आणि १९८५ च्या रायफलीवरही तसाच बसला.

माझ्या मते या वादात एक साधा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. १८९४ पासून १९६४ पर्यंतच्या सत्तर वर्षांत सुमारे २७ लाख रायफली बनल्या. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तोवर एकूण आकडा साठ लाखांच्या पुढे गेला होता. म्हणजे ‘बिघडलेल्या’ रायफली बेचाळीस वर्षांत ३३ लाखांहून अधिक खपल्या, वर्षाच्या सरासरीने पाहिले तर पूर्वीच्या दुप्पट. त्यांतल्या बऱ्याच स्मारक आवृत्त्या होत्या हे मान्य केले पाहिजे. कंपनीच्या शताब्दीनिमित्त १९६६ मध्ये काढलेली सोनेरी मुलाम्याची आवृत्ती एकटीच लाखाच्या वर गेली, आणि त्या खोक्यातून बाहेर न काढता कपाटात ठेवल्या गेल्या. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या या रायफलींनी बहुतेकांची निराशा केली, कारण लाखभर नगांची वस्तू दुर्मीळ होत नसते. तरीही उरलेला आकडा मोठाच आहे. निर्णय नावाच्या दृष्टीने चुकला आणि खपाच्या दृष्टीने चुकला नाही, अशी ही स्थिती आहे. चुकीचा मोठा वाटा मला बदल गुपचूप करण्यात दिसतो. बाहेरून तीच दिसणारी, तेच नाव असलेली वस्तू आतून बदलली, आणि गिऱ्हाइकाला ते घरी गेल्यावर कळले. दुसरे नाव देऊन स्वस्त मॉडेल काढले असते तर आज १९६४ हे साल कुणाच्या लक्षातही राहिले नसते.

याच काळात दुर्बिणीने दुसरी अडचण उभी केली. ९४ ची रिकामी टोपणे रिसिव्हरच्या वरून बाहेर पडतात, त्यामुळे वर दुर्बीण बसवता येत नाही. मार्लिनने १८८९ पासूनच टोपण बाजूने बाहेर काढले होते आणि रिसिव्हरचा माथा बंद ठेवला होता. १९४८ मध्ये आलेल्या मार्लिन ३३६ ला या जुन्या निवडीचा फायदा झाला, कारण युद्धानंतर शिकारी दुर्बिणी घेऊ लागले होते. विंचेस्टरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोपण तिरके बाहेर टाकण्याची सोय केली, तोवर गिऱ्हाईक बरेच पलीकडे गेले होते. १९९२ च्या सुमारास रिसिव्हरमधून आडवी जाणारी सुरक्षा-खुंटी आली. अर्ध्यावर चढवलेला घोडा पुरेसा आहे असे मानणाऱ्यांना ती रिसिव्हरला पाडलेल्या भोकासारखी वाटली.

मार्लिनचीही पाळी आली. २००७-०८ मध्ये ती कंपनी एका मोठ्या बंदूक-समूहाकडे गेली, कनेक्टिकटमधला जुना कारखाना बंद झाला, यंत्रे दुसरीकडे हलवली गेली. ती यंत्रे इतकी झिजलेली होती की त्यांच्या खोडी फक्त जुन्या कामगारांनाच ठाऊक होत्या, आणि ते कामगार यंत्रांबरोबर गेले नाहीत. वाकडी बसवलेली नेम धरण्याची साधने, फट राहिलेली लाकडे आणि अडकणारी काडतुसे यांमुळे त्या काही वर्षांच्या रायफलींना टिंगलीचे वेगळे नाव पडले. १९६४ मध्ये आराखडा बदलला होता; इथे आराखडा तोच होता आणि हात बदलले होते. समूह २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाल्यावर मार्लिन दुसऱ्या कंपनीने घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनात संगणकचालित यंत्रांवर सगळे पुन्हा आखून २०२१ च्या अखेरीस मार्लिनच्याच .४५-७० च्या १८९५ मॉडेलने सुरुवात केली. दरम्यान टोकदार गोळीचा जुना प्रश्नही सुटला होता. २००५-०६ च्या सुमारास मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी आली. तिचे टोक टोपीवर दाबले गेले तरी लवते, म्हणून ती नळीत चालते आणि हवेतही वेग टिकवते.

आजच्या मागणीत कायद्यांचाही वाटा आहे आणि तो अमेरिकेबाहेर अधिक ठळक दिसतो. ब्रिटनमध्ये १९८८ नंतर मोठ्या मापाच्या स्वयंभरण (गोळी सुटताच पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि १९९७ नंतर बहुतेक पिस्तुले बंद झाली. तेव्हा .३५७ किंवा .४४ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांवर चालणारी लीव्हर रायफल नेमबाजी मंडळांत रुळली. लांब बॅरलमुळे त्याच काडतुसाला अधिक वेग मिळतो, धक्का सौम्य राहतो, आणि काडतूस स्वस्तही पडते. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या कायद्यांनी स्वयंभरण बंदुका कडक वर्गात टाकल्या, पण लीव्हर रायफली साध्या वर्गांत राहिल्या. पुढे तिथे वाद झाला तो रायफलीवर नव्हे. सात काडतुसांच्या लीव्हर शॉटगनच्या आयातीवरून तो पेटला आणि २०१६ च्या अखेरीस पाचपेक्षा अधिक काडतुसांच्या लीव्हर शॉटगन कडक वर्गात गेल्या. जुनाट म्हणून सोडून दिलेल्या यंत्रणेला वेगवान ठरवून बंधन घालण्याची वेळ त्या चर्चेत आली, हे १८६१ च्या डिसेंबरमधल्या अभिप्रायाशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

विंचेस्टर ९४ स्वतः २०१० च्या सुमारास परतली, पण ती जपानमध्ये बनते. तिचे पोलाद आणि जुळणी चौसष्टच्या आधीच्या रायफलीच्या तोडीची आहे, हे टीकाकारही मान्य करतात. काहींच्या मते ती त्याहून सरस आहे. मात्र तिच्या दस्त्याच्या मानेवर सुरक्षा-कळ आहे आणि तिचा घोडा गोळी झाडल्यावर आपोआप किंचित मागे येऊन थांबतो. जुनी, अंगठ्याने चढवायची अर्ध्यावरची खाच तिच्यात नाही. ज्यांना ती खाच हवी असते ते अजून जुन्या बाजारात जातात, रायफल कानाजवळ धरून हलवून पाहतात आणि रिसिव्हरच्या खाली कोरलेला क्रमांक वाचतात.